आई असलेली मुले : प्रस्तावना

महाराष्ट्रातील कोणत्याही बालगृहात जाऊन अधीक्षकांच्या कपाटातील फायली एकेक करून वाचू लागले, म्हणजे बाहेरच्या माणसाला सर्वांत आधी चकित करणारी गोष्ट ही की, ज्यांना आपण सरसकट अनाथ म्हणतो, ज्यांना आपल्या मुलाच्या वाढदिवशी गोडाचे जेवण घालतो आणि दिवाळीला नवे कपडे वाटतो, त्या मुलांपैकी बहुतेकांची आई हयात असते. तिचे नाव त्याच फायलीत लिहिलेले असते, गाव लिहिलेले असते, कित्येकदा दूरध्वनीचा क्रमांकही असतो. बाप वारलेला, परागंदा झालेला, दुसरे घर केलेला किंवा दारूच्या पायी असून नसल्यासारखा असतो. आई मात्र कुठे धुणीभांडी करीत, कुठे वीटभट्टीवर, कुठे उसाच्या फडात राबत असते. या मुलांना आई नाही म्हणून संस्थेत यावे लागले असे नाही. आईपाशी राहण्याची ऐपत त्या घरात उरली नाही म्हणून यावे लागले. परिविक्षा अधिकारी म्हणून ज्या खात्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्या खात्याने या साध्या गोष्टीकडे कसे पाहिले आणि कसे पाहिले नाही, हा या पुस्तकाचा विषय आहे.

बालकल्याण व्यवस्थेच्या दोषांची चर्चा आपल्याकडे होते ती बहुधा एखाद्या संस्थेत अघोरी प्रकार उघडकीस आल्यावर. २०१८ साली बिहारमधील मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातील अत्याचार टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ पथकाने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणामुळे चव्हाट्यावर आले, तेव्हा देशभर संताप उसळला आणि तो उसळणे योग्यच होते. अशा प्रकरणांत गुन्हेगारांना कठोर शासन झाले पाहिजे, कायद्याने नेमावयाच्या निरीक्षण समित्यांनी नेमाने आणि अचानक भेटी दिल्या पाहिजेत, मुलींना मोकळेपणी बोलता येईल असे बाहेरचे माणूस त्यांच्यापर्यंत पोहोचले पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि अशा प्रत्येक प्रकरणानंतर समाजाची अशी समजूत होते की, दुष्ट माणसे तेवढी वेचून काढली की मागे उरलेली व्यवस्था निर्दोष ठरेल. मी ज्या दोषाविषयी लिहीत आहे तो सज्जन अधीक्षकाच्या, स्वच्छ स्वयंपाकघराच्या, वेळच्या वेळी औषधपाणी करणाऱ्या संस्थेतही तितकाच नांदतो; त्याबद्दल कोणावर फिर्याद करता येत नाही आणि म्हणूनच तो दीर्घायुषी झाला आहे.

त्याचे मूळ समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा त्यांच्यापुढे मूल आणि माता असे दोन निराळे प्रश्न नव्हते. फसलेल्या विधवेने येथे निर्भयपणे यावे, बाळंत व्हावे, आणि मूल बरोबर न्यावे की येथेच ठेवावे याचा निर्णय तिने आपल्या मर्जीने करावा, अशी तेथील व्यवस्था होती. मुलाचा जीव वाचवावयाचा तर प्रथम त्याच्या आईला आसरा दिला पाहिजे, हे त्या दांपत्याने कोणत्याही आयोगाच्या अहवालावाचून ओळखले होते. पुढे १८७५ मध्ये पंढरपुरास प्रार्थना समाजाच्या मंडळींनी काढलेले गृहही त्याच वाटेने गेले. आजच्या सरकारी व्यवस्थेची वंशावळ मात्र या घराशी जुळत नाही. ती जुळते १८५० च्या शिकाऊ मुलांच्या कायद्याशी, १८७६ आणि १८९७ च्या सुधारशाळांच्या कायद्यांशी आणि १९१९-२० च्या तुरुंग समितीशी. या समितीनंतर मद्रास आणि बंगाल यांच्यामागोमाग मुंबई इलाख्यात १९२४ चा बालक अधिनियम आला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. टिळक आणि आगरकर यांनी १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात जेथे १०१ दिवसांचा कारावास भोगला, आणि ज्याविषयी आगरकरांनी पुस्तक लिहिल्यामुळे ज्याचे नाव प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे, त्या डोंगरीच्या तुरुंगाच्या वास्तूतच पुढे मुंबईतील मुलांचे रिमांड होम आले. ज्यांनी ही संस्था उभी केली त्यांचा हेतू उदात्त होता. प्रौढ कैद्यांच्या संगतीतून मुलांना सोडविणे हे त्या काळी फार मोठे काम होते, आणि ते काम किती अपुरे राहिले होते हे १९८६ मध्ये शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगातील मुलांची दखल घ्यावी लागली तेव्हा दिसलेच. परंतु ज्या विचाराचा आरंभ ‘कैदेतून काढून कुठे ठेवावे’ या प्रश्नापासून झाला, त्याला ‘घरीच कसे राहू द्यावे’ हा प्रश्न सहज सुचत नाही. भिंती, हजेरीपट, रवानगीचा हुकूम, ताबापावती हा सारा सरंजाम त्या पहिल्या प्रश्नातून आला, आणि कायदे बदलले तरी तो सरंजाम बदलला नाही.

कायदे तर बदललेच. १९४८ चा मुंबई बालक अधिनियम, १९८६ चा केंद्रीय कायदा, भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेली संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता, त्यानंतरचा २००० चा आणि आता लागू असलेला २०१५ चा बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, अशी ही चढती परंपरा आहे. २०१५ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात जी मूलतत्त्वे सांगितली आहेत ती वाचून कोणाही कार्यकर्त्याचे मन प्रसन्न व्हावे. मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. घरापासून दुरावलेल्या मुलाला शक्य तितक्या लवकर आपल्या माणसांत परत जाण्याचा हक्क. मूल सापडले की २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावयाचे, १५ दिवसांत सामाजिक तपासणी पुरी करावयाची, पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत समितीने अंतिम आदेश द्यावयाचा. अध्यक्ष आणि चार सदस्य अशा या समितीला दंडाधिकाऱ्यांच्या पीठाचे अधिकार आहेत, आणि महिन्यातून किमान २० दिवस तिची बैठक भरली पाहिजे असा दंडक आहे. या कायद्याच्या अक्षराविषयी माझी तक्रार फारशी नाही. माझे म्हणणे असे आहे की, ही सारी इमारत ज्या एका खांबावर उभी आहे तो खांब म्हणजे सामाजिक तपासणी, आमच्या बोलण्यात जिला आम्ही गृहचौकशी म्हणतो ती; आणि या खांबाला पुरेसे द्रव्य, मनुष्यबळ व वेळ देण्याची तजवीज आजवर कोणत्याही राजवटीने मनापासून केली नाही.

नियमांतील नमुना २२ मध्ये हा अहवाल लिहावयाचा असतो. कुटुंबातील माणसे, त्यांचे उत्पन्न, घराची स्थिती, मुलाचा स्वभाव, शाळा, शेजाऱ्यांचे म्हणणे, मुलाने घर का सोडले, असे बारीकसारीक रकाने त्यात आहेत, आणि हा नमुना ज्याने तयार केला त्याला मुलांची जाण होती असे मला नेहमी वाटते. परंतु तो प्रामाणिकपणे भरावयाचा तर त्या घराच्या उंबऱ्यावर जाऊन बसावे लागते. एकदा नव्हे, दोनदा. कारण पहिल्या भेटीत भीतीपोटी किंवा लाजेपोटी आई जे सांगते ते आणि दुसऱ्या भेटीत चहा ठेवता ठेवता जे सांगते ते, यांत फार अंतर असते. एका अधिकाऱ्याकडे सगळा जिल्हा, दिमतीला वाहन नाही, प्रवासभत्त्याची बिले महिनोन्‌महिने मंजुरीवाचून पडलेली, आणि २००९ पासून एकात्मिक बाल संरक्षण योजनेखाली व पुढे मिशन वात्सल्यखाली नेमलेले बहुतेक मनुष्यबळ कंत्राटी, म्हणजे ज्याची स्वतःची नोकरी पुढील वर्षी राहील की नाही हेच अनिश्चित. अशा स्थितीत चौकशी कशी होते? मुलाची जबानी कार्यालयात, आईचे म्हणणे दूरध्वनीवर आणि गावची माहिती पोलीस ठाण्याच्या पत्रावरून. मग अहवालाच्या तळाशी तोच मजकूर उतरतो, जो मी शेकडो फायलींत जवळपास त्याच शब्दांत वाचला आहे: घरची परिस्थिती हलाखीची, पालक सांभाळ करण्यास असमर्थ, सबब बालकास संस्थेत ठेवणे त्याच्या हिताचे. हलाखी कशाने आली, ती किती रुपयांनी आणि किती दिवसांत हटेल, असमर्थ पालकास समर्थ करण्यासाठी काय करता येईल, हे प्रश्न त्या तीन ओळींत मावत नाहीत, आणि अहवालात जे नाही ते समितीच्या आदेशात येणार कोठून?

यातील एक प्रकरण येथे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण पुस्तकातील पुष्कळसे विवेचन त्याच्याभोवती गुंफलेले आहे. एका रेल्वे जंक्शनावर आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा सापडला. गाव विचारले की तो एका साखर कारखान्याचे नाव सांगे. चौकशी केली तर त्या कारखान्याच्या परिसरात त्याला ओळखणारे कोणी नव्हते, म्हणून फाईलवर ‘पत्ता सांगू शकत नाही’ असा शेरा पडला आणि मुलगा बालगृहात दाखल झाला. पुढे माझ्या एका सहकारिणीने त्याला जवळ बसवून निराळेच प्रश्न विचारले: बैलगाडी होती का, बैलांची नावे काय, कोपीला, म्हणजे झोपडीला, दार होते का, मुकादमाला काय म्हणून हाक मारीत? मुलाला आपल्या तालुक्याचे नाव ठाऊक नव्हते, पण मुकादमाचे आडनाव ठाऊक होते. दिवाळीनंतर बीडकडून निघून उन्हाळ्यापर्यंत कारखान्याकारखान्याने फिरणाऱ्या ऊसतोड कुटुंबातील मुलाला ‘गाव’ म्हणजे जेथे गेल्या हंगामात कोपी होती ते ठिकाण वाटले, यात त्याची चूक ती काय? मुकादमावरून टोळी सापडली, टोळीवरून आई सापडली. मुलगा आजीकडे आहे असे आई समजत होती आणि तो आईपाशी फडावर आहे असे आजी समजत होती. त्या भेटीचे वर्णन मी येथे करीत नाही. सांगावयाचे ते असे की, आई सापडूनही मुलगा परत गेला नाही. कारण नवराबायको मिळून एक कोयता धरून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही, आणि सोडला तर दर दिवसाचा खाडा अंगावर पडतो. हंगाम संपल्यावर न्यावे असे तोंडी ठरले. हंगाम संपला तेव्हा समितीची मुदतही संपली होती. नव्या समितीची नेमणूक रखडली आणि शेजारच्या जिल्ह्याच्या समितीकडे अतिरिक्त कार्यभार गेला. आठवड्यातून एखाद्या दिवशी येणाऱ्या त्या समितीपुढे आधी तातडीची प्रकरणे येत. सुस्थितीत असलेला, शाळेत जाणारा, कोणतीही तक्रार नसलेला मुलगा हे तातडीचे प्रकरण नसते. आई पुढच्या हंगामाला गेली. तिचा मुलगा इयत्तांमागून इयत्ता चढत राहिला, संस्थेची भाषा बोलू लागला, आणि पुढे न्यावयास ती आली तेव्हा तो तिच्यासमोर परक्यासारखा उभा राहिला.

या कहाणीत खलपुरुष नाही. मुलगा उचलणाऱ्या पोलिसाने २४ तासांचा नियम पाळला, अधीक्षकांनी त्याला मायेने वागविले, समितीने उपलब्ध कागदांवरून जो आदेश देता येत होता तो दिला. मुकादमाच्या हिशेबात मात्र या मुलाच्या आईचा एकेक दिवस रुपयांत मोजलेला होता, आणि सरकारच्या हिशेबात तो कुठेच नव्हता. मुलाला संस्थेत ठेवण्यासाठी अनुदानाचा शिरस्ता आहे. आईची उचल फेडण्यासाठी, किंवा आजीपाशी मूल राहिल्यास आजीला दरमहा काही देण्यासाठी त्या फाईलवर त्या वेळी कोणतेच लेखाशीर्ष नव्हते.

असे लेखाशीर्ष अजिबात नाही असे मात्र नाही, आणि त्याविषयी न्याय्य बोलले पाहिजे. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना एकल पालकाच्या मुलाला घरीच वाढविण्यासाठी साहाय्य देते. त्याची रक्कम दीर्घकाळ दरमहा ४२५ रुपये होती, ती १,१०० झाली आणि त्यानंतर २,२५०. मिशन वात्सल्याच्या प्रायोजकत्वात दरमहा ४,००० रुपये मिळतात, आणि संस्थेतील मुलाच्या निर्वाहासाठी त्याच योजनेत ३,००० रुपयांचे अनुदान धरलेले आहे. म्हणजे निदान कागदावर तरी घराचे पारडे जड झाले आहे. करोनाच्या साथीत पती गमावलेल्या हजारो स्त्रियांच्या मुलांना बालसंगोपनाचा लाभ मिळावा म्हणून कार्यकर्त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यात खटपट केली, तेव्हा हा पैसा आईच्या हाती गेला तर मूल घरी राहते, शाळेत जाते, हे सर्वांच्या प्रत्ययास आले. परंतु या पैशापर्यंत पोहोचण्याची वाट पाहा. प्रायोजकत्वासाठी ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत आणि इतरत्र ९६,००० च्या आत असल्याचा दाखला हवा. तो तहसील कचेरीतून आणावयाचा. पती मृत असेल तर मृत्यूचा दाखला हवा. आणि पती मृत नसेल, नुसता निघून गेला असेल, तर? परित्यक्तेने आपण परित्यक्ता आहोत हे सिद्ध करणारा कागद कोणत्या कचेरीत मागावा? तलाठी पोलीस पाटलाकडे बोट दाखवितो, पोलीस पाटील सरपंचाकडे, आणि सरपंच बहुधा निघून गेलेल्या नवऱ्याचा भाऊबंद असतो. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईचे या खेपांत जितके दिवस बुडतात तितक्यांत तिच्या घरातील पीठ संपते. बालगृहाचे दार मात्र एका अर्जावर उघडते. कागद मिळविणे दुष्कर आणि मूल देऊन टाकणे सुकर, अशी ही रचना कोणी जाणूनबुजून केली नसेल. तरी ती तशी आहे, आणि पोटच्या पोराला संस्थेच्या दारी सोडून जाणाऱ्या बाईला निर्दय ठरविण्यापूर्वी ही रचना प्रत्येकाने पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

येथे एका संभाव्य गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. संस्थाच नकोत असे मी म्हणत नाही. ज्या मुलीवर घरातच अत्याचार झाला, ज्या मुलाच्या अंगावर सावत्र बापाने डाग दिले, ज्यांचे या जगात खरोखरच कोणी नाही, त्यांना सुरक्षित छत हवेच. आणि असे छत देणाऱ्या, अनुदान वर्षानुवर्षे थकलेले असताना गावातून धान्य मागून मुलांना जेवू घालणाऱ्या संस्थाचालकांविषयी माझ्या मनात आदरच आहे. उलट घराच्या नावाने होणारी घाईही मला तितकीच भयावह वाटते. सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने महाराष्ट्रासह आठ राज्यांना कळविले की, बालगृहांतील मुले १०० दिवसांच्या आत आपापल्या कुटुंबांत परत जावीत असे पाहावे. देशातील संस्थांत असलेल्या सुमारे २ लाख ५६ हजार मुलांपैकी सुमारे १ लाख ८४ हजार या आठ राज्यांत होती. तत्त्व योग्य, परंतु साथीच्या दिवसांत, रोजगार बुडालेल्या घरांत, एवढ्या मुलांची गृहचौकशी १०० दिवसांत कोण करणार होते? त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरी गेलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी दरमहा २,००० रुपये देण्याचे निर्देश दिले, ते या घाईतील उणीव ओळखूनच दिले असावेत असे मी मानते. उंबऱ्यापर्यंत न जाता मूल संस्थेत ठेवणे आणि उंबऱ्यापर्यंत न जाता मूल घरी पाठविणे, या दोन्ही हुकुमांची शाई एकाच दौतीतली आहे.

भावंडांची ताटातूट आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर उंबऱ्याबाहेर पडणारी मुले, या दोन विषयांना पुस्तकात स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत, म्हणून येथे फक्त निर्देश करते. संस्था मुलगा-मुलगी आणि वयोगट यांनुसार वेगळ्या असल्यामुळे एकाच आईची तीन मुले तीन तालुक्यांत वाढतात, आणि ती आई सुट्टीच्या दिवशी एकाचीच भेट घेऊ शकते. अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या देखभालीची, सोय कायद्याने २१ व्या वर्षापर्यंत, अपवादात्मक प्रसंगी २३ पर्यंत आहे. तथापि मुलांसाठी अनुरक्षणगृहे मोजकी आणि मुलींसाठी त्याहून कमी, त्यामुळे अठरा वर्षांची होताच पुष्कळशी मुले त्याच आईचा पत्ता शोधत निघतात, जिच्यापासून त्यांना त्यांच्या हितासाठी दूर ठेवले होते. त्यांच्यातील काहींनी मला सांगितलेले अनुभव त्यांच्या संमतीने, नावे आणि गावे बदलून, शेवटून दुसऱ्या प्रकरणात आले आहेत.

या पुस्तकातील उपाययोजना मोठ्या नाहीत. नवा कायदा मी मागत नाही. आहे त्या कायद्यातील १५ दिवस खरोखरीचे व्हावेत एवढेच मागते. एका परिविक्षा अधिकाऱ्याकडे किती प्रकरणे असावीत याची मर्यादा ठरावी आणि त्याची नेमणूक कायम असावी. समितीची मुदत संपण्यापूर्वी नवी समिती रुजू व्हावी. रिकाम्या जागांचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये संपूर्णा बेहुरा यांच्या प्रकरणात स्पष्टपणे मांडला आहे. हलाखी एवढ्याच कारणावरून मूल दाखल करण्याचा आदेश होत असेल, तर त्या आदेशाबरोबर आईच्या नावे बालसंगोपनाचा किंवा प्रायोजकत्वाचा अर्ज समितीनेच भरून घ्यावा आणि त्याचा निकाल लागेपर्यंतचा खर्च जिल्हा बाल संरक्षण कक्षाने उचलावा. परित्यक्तेच्या बाबतीत गृहचौकशीचा अहवाल हाच दाखला मानावा. स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी ऊसपट्ट्यातील जिल्हे आणि बीड, अहिल्यानगर यांसारखे जिल्हे यांच्या समित्यांनी हंगामापूर्वी एकमेकींस याद्या पाठवाव्यात.

परिशिष्टात मी गृहचौकशीचे प्रश्न दिले आहेत. ते नमुना २२ च्या रकान्यांबाहेरचे आहेत, आणि त्यांपैकी बरेचसे मला माझ्या सहकाऱ्यांनी, काही तर मुलांनीच शिकविले: हंगामात घर कुठे असते, रात्री कोणाजवळ झोपतोस, घरात कोणाची भीती वाटते, आजीकडे चूल किती वेळा पेटते, आईला शेवटचे केव्हा पाहिलेस आणि तेव्हा ती काय करीत होती. या क्षेत्रात नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींनी ते वापरून पाहावेत, आपापल्या भागाप्रमाणे बदलावेत आणि त्यांत भर घालावी. किनारपट्टीवरील मासेमारांच्या वस्त्यांचा आणि मेळघाटासारख्या डोंगराळ मुलखाचा मला प्रत्यक्ष अनुभव नसल्याने तेथील प्रश्नांसाठी परिशिष्टाच्या अखेरीस कोरी पाने सोडली आहेत.